डब्यावरचे वॅट, वायरीतले व्होल्ट

ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच फटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या आणि औरंगाबादचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. आज शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, गाडीचा शौक मात्र तोच. वाळूजला बजाज, शेंद्र्याला स्कोडा. चाकांवर पोट भरणारी घरं इथे गल्लोगल्ली. पण रात्री जालना रोडवरून दुकानांची शटरं थरथरवत जाते ती मर्सिडीज क्वचितच असते. ती बहुधा सेकंडहँड हॅचबॅक असते, डिक्कीत बारा इंची वूफर आणि त्याच्यामागे ॲम्प्लिफायर. गाडी हप्त्यावर, ॲम्प उसनवारीवर. ॲम्प बंद पडला की दोन प्रकारची माणसं बोनेटभोवती जमतात.

एक उस्ताद. मोंढा नाक्याकडे गाळा, आयुष्यभर गाड्यांत डेक आणि स्पीकर बसवलेले, दाराचं पॅनेल बोटांनीच उघडणारे. दुसरे काका. वाळूजच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समधून निवृत्त, सिडकोत घर, मल्टीमीटर कायम पिशवीत. ही दोन्ही माणसं मी रचलेली आहेत. त्यांचं भांडण मात्र शहरात कुठल्याही गाळ्यासमोर ऐकायला मिळेल.

गाडी काकांच्या मुलाची. तक्रारी दोन. रात्री एसी आणि हेडलाइट चालू असताना आकाशवाणी चौकाच्या सिग्नलला थांबलं की वूफर मुका होतो, ॲम्पवर लाल दिवा लागतो. गाडी पळाली की थोड्या वेळात पुन्हा सुरू. दुसरी, डेक लावला की बारीक शिट्टी येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढते.

उस्ताद : काका, ॲम्प प्रोटेक्शनला जातोय. करंट कमी पडतोय त्याला. एक कॅपॅसिटर टाकू, विषय संपला.

काका : करंट कमी पडतो, कशावरून?

उस्ताद : लाल दिवा लागतो ना.

काका : लाल दिवा चार कारणांनी लागतो. ॲम्प तापला, स्पीकरची तार बॉडीला टेकली, वूफरचे ओहम ॲम्पला झेपतील त्याच्या खाली गेले, नाहीतर व्होल्टेज पडलं. चौघांवर औषध एकच?

उस्ताद : ऐका तर. तापून गेला असता तर गार होईपर्यंत उठला नसता. तार टेकली असती तर गाणं लावल्या लावल्या गेला असता. ओहमचं म्हणाल तर वूफरला चार-चार ओहमच्या दोन कॉइल, मीच समांतर जोडल्यात, दोन ओहम झाले, ॲम्पला दोन चालतात. हा जातो सिग्नलला आणि येतो गाडी पळाल्यावर. इंजिन आयडलिंगला असलं की अल्टरनेटर अर्धवटच देतो, त्यात एसी आणि लाइट. व्होल्टेजच पडतंय. मीटर न लावता सांगितलं.

इथे उस्तादांना पूर्ण गुण द्यावे लागतात. दोष कधी येतो, कधी जातो, काय चालू असताना येतो, हे ज्यांनी नीट ऐकलं त्यांचं निम्मं काम तिथेच झालं. पुष्कळ शिकलेली माणसं हा भाग सोडून थेट स्क्रू काढायला बसतात.

काका : मान्य. पण मग कॅपॅसिटर कशाला? एक फॅरडचा कॅपॅसिटर चौदा व्होल्टवरून बारावर उतरेपर्यंत किती ऊर्जा देतो? सव्वीस ज्यूल. तुमचा वूफर ५०० वॅट ओढत असेल तर ती सेकंदाच्या विसाव्या भागात संपली. सिग्नल दीड मिनिटाचा आहे.

उस्ताद : ढोलाचा ठोकाही तेवढाच असतो, काका. ठोक्याला आधार मिळतो, दिवे मिचमिचायचे थांबतात. गिऱ्हाईक खूश होतं.

काका : आणि दोन ठोक्यांच्या मधे तो भरतो कुठून? त्याच वायरीतून. वायरीलाच झेपत नसेल तर तुम्ही आणखी एक खाणारं तोंड बसवलंत.

काकांनी मीटर काढला, बझरवर लावला. एक टोक ॲम्पच्या अर्थला, दुसरं गाडीच्या पत्र्याला. बझर वाजला. काका म्हणाले, अर्थिंग ठीक आहे. उस्ताद हसले.

उस्ताद : काका, बझर तर एका तारेलाही वाजतो. चाळीस तारांची वायर, एकोणचाळीस तुटलेल्या असू द्या, तुमचा मीटर म्हणेल सगळं छान. मीटर किती करंट सोडतो तिच्यातून? काहीच नाही. ॲम्प ओढतो चाळीस अँपिअर.

काकांना हे झोंबलं, कारण ते खरं होतं. ओहम मोजून अर्थिंग तपासता येतं, ही या धंद्यातली सगळ्यात पसरलेली समजूत आहे आणि ती पुस्तकी माणसांचीच. सांध्याचा रोध अर्धा दशांश ओहमही नसतो, स्वस्त मीटरच्या स्वतःच्या पिनांचाच रोध त्याहून जास्त भरतो. चाळीस अँपिअर वाहू लागले की त्याच सांध्यावर दीड व्होल्ट मरतात. म्हणून माप घ्यायचं ते गाणं चालू असताना, आणि ओहमचं न घेता व्होल्टचं.

मग तसं घेतलं. इंजिन चालू, एसी आणि हेडलाइट चालू, डेकवर ५० हर्ट्झचा सलग सूर. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.६ व्होल्ट. ॲम्पच्या टर्मिनलवर १०.२.

काका : बघा. दोन पूर्णांक चार व्होल्ट वाटेत गेले. बरेच ॲम्प दहाच्या आसपास आले की स्वतःला बंद करून घेतात. हा काठावरच उभा आहे. पण १२.६ म्हणजे अल्टरनेटरही गेलाय.

उस्ताद : नाही गेला. जरा रेस द्या.

रेस दिली. १३.८.

उस्ताद : आयडलिंगला एवढं ओझं टाकल्यावर तो एवढंच देणार. आणि नव्या गाड्यांत तर कॉम्प्युटरच अल्टरनेटर वरखाली करतो, पेट्रोल वाचवायला. तिथे साडेबारा बघून कित्येक जण चांगला अल्टरनेटर काढून ठेवतात.

काका : बरं. मग हे दोन-चार कुठे गेले ते शोधू. लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी ॲम्पच्या प्लसला. शून्य पूर्णांक नऊ. आता मायनसकडे तसंच. दीड! उस्ताद, तुमच्या अर्थिंगने दीड व्होल्ट खाल्ले.

अर्थची वायर मागच्या सीटच्या एका बोल्टखाली दाबली होती. बोल्ट घट्ट, लग चकचकीत, खाली कारखान्याचा रंग जसाच्या तसा. करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांतून. उस्तादांनी एक शब्द न बोलता पॉलिश पेपर घेतला, रुपयाएवढी जागा पत्रा दिसेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, वायर अर्ध्या हाताहून छोटी केली आणि सांध्याला गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. सीट बेल्टच्या बोल्टला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. ती एक गोष्ट ते कुणालाच करू देत नाहीत. मायनसकडचे दीड व्होल्ट ०.१ वर आले.

आता शिट्टी. उस्तादांचं मत, डेककडून ॲम्पकडे सिग्नल नेणारी आरसीए वायर पॉवरच्या वायरीला चिकटून आणली म्हणून ती येते, वेगळ्या बाजूने फिरवायला हवी. काकांचा प्रश्न वेगळा होता.

काका : शिट्टी वूफरमधून येते की दाराच्या स्पीकरमधून?

उस्ताद : दाराच्या.

काका : आणि ॲम्प कुणाला लावलाय? फक्त वूफरला. वूफरला आपण ८० हर्ट्झच्या वरचं काही जाऊच देत नाही. अल्टरनेटरची शिट्टी इंजिन ८०० फेऱ्यांवर असतानाच हजार-बाराशे हर्ट्झच्या घरात जाते. ती वूफरमधून ऐकूच येणार नाही. मग ॲम्प बसवल्यावर दारातले स्पीकर का शिट्टी मारायला लागले?

उस्तादांनी ॲम्पमधून आरसीएच्या पिना उपसल्या. शिट्टी गेली. लावल्या, आली. पण आता पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक.

काका : ॲम्पचा अर्थ खराब होता. दीड व्होल्टचा फरक पडला की करंट परतीची दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे आरसीएच्या जाळीतून डेकमध्ये आणि डेकच्या अर्थमधून बॉडीला. त्या केसाएवढ्या जाळीतून अल्टरनेटरचा कचरा डेकमध्ये शिरत होता. अजून काही महिने गेले असते तर डेकच्या आतली ती रेघच जळाली असती आणि तुम्ही म्हणाला असता डेक बदला.

उस्ताद : मी म्हणालो असतो. (थोडं थांबून) पण उरलेली शिट्टी?

उरलेल्या शिट्टीसाठी डेकच्या मागचा अर्थ बघितला, तोही डॅशबोर्डच्या आत रंगलेल्या पत्र्यावर. तो नीट केला. म्हणजे सिग्नलचा मुकेपणा आणि शिट्टी, दोन तक्रारी म्हणून आलेलं दुखणं एकच होतं. आरसीए वायर जिथे होती तिथेच राहिली, उस्तादांच्या चेहऱ्यावर ती अजूनही वेगळी फिरवायला हवी असंच होतं.

राहिले प्लसकडचे ०.९. इथून बोलणं पैशांवर आलं, आणि खरं भांडण इथेच आहे.

काका : ही वायर तांब्याची नाही. ब्लेडने खरवडा, आत पांढरं आहे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपट रोध.

उस्ताद : माहीत आहे. मीच टाकली. किटमध्ये तीच येते. अस्सल तांब्याची चार गेजची घेतली तर किंमत काही पटीने चढते. मुलाला विचारा, त्याला मी दोन्ही दाखवल्या होत्या. त्याने वायरीत पैसे वाचवले आणि मोठा ॲम्प घेतला. डब्यावर दोन हजार वॅट लिहिलं होतं.

काका : दोन हजार! ॲम्पवरचे फ्यूज बघा. वीस-वीसचे दोन. चाळीस अँपिअर गुणिले चौदा व्होल्ट, ५६० वॅट आत जाणार. वीज फुकट कुणी बनवत नाही, क्लास डीचा ॲम्प असला तरी ऐंशी टक्के धरा, बाहेर साडेचारशे. दोन हजार हा आकडा छापखान्यात तयार झालाय.

उस्ताद : काका, तो आकडा छापला नाही तर डबा विकला जात नाही. मी शंभरदा सांगून बघितलंय, आरएमएस बघा, फ्यूज बघा. पोरगं शेजारच्या गाळ्यात जातं. वायर दिसत नाही हो कुणाला, ती गालिच्याखाली असते. निळा दिवा लागणारा ॲम्प मित्रांना दाखवता येतो.

काका : लोकांना समजावून सांगायचं.

उस्ताद : तुम्हाला पगार होता समजावून सांगायचा. मला प्रत्येक गाडीमागे मजुरी मिळते. आज तुम्ही दोन तास मीटर लावलात, त्याचे मी कुणाकडून घेऊ? कॅपॅसिटर विकला असता तर वीस मिनिटांत मोकळा झालो असतो, वर दोन पैसे सुटले असते. तपासायचे पैसे या शहरात कुणी देत नाही, वस्तूचे देतात. डॉक्टरला नुसतं बघायची फी असते, मिस्त्रीला नसते.

काकांकडे यावर उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. चुकीचा भाग बदलला जातो तेव्हा आपण मिस्त्रीला अडाणी म्हणतो. पण बिलात शोधाला रकाना नाही आणि सुट्या भागाला आहे, मग सुटा भागच बदलला जाणार. उस्तादांना अर्थिंग कळत नव्हतं असं नाही. बझरची फसवणूक त्यांनीच दाखवली. रंग न घासता बोल्ट आवळला तो त्या दिवशी बाहेर तीन गाड्या उभ्या असतील म्हणून.

काका : पाणचक्की बघितलीत ना? टेकडीकडून खापरी नळांतून पाणी येतं आणि दाबावर चक्कीचं पातं फिरतं. नळ मधेच अरुंद केला तर पाणी पोचेल, हौदही भरेल, पण चक्की फिरणार नाही. वायरीचं तसंच आहे. दिवे लागतात, ॲम्प चालू दिसतो, काम होत नाही.

उस्ताद : हौ काका, पण तो नळ बांधायचा खर्च कुणा मिस्त्रीने केला नव्हता.

एका मुद्द्यावर मात्र काका हटले नाहीत आणि हटायला नकोही होतं. बोनेट उघडलं तर बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. ॲम्पवर आहेत ना, हे उस्तादांचं म्हणणं.

काका : ते ॲम्प वाचवतात. वायर कोण वाचवणार? बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर वायर, सीटच्या रुळाखालून जाते. एक दिवस रूळ तिचं आवरण कापेल आणि तार पत्र्याला टेकेल. डिक्कीतल्या फ्यूजला काही कळणारसुद्धा नाही. शेकडो अँपिअर तिथून वाहतील आणि गालिचा पेटेल. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, आणि त्याचा आकडा ॲम्प बघून ठरवायचा नाही, वायरीला किती झेपतं ते बघून ठरवायचा.

उस्ताद : तो टाकतो. त्याचे पैसे नका देऊ.

नाइलाजाने दिलेला होकार नव्हता तो. वायर गरम होऊन आवरणाचा वास येणं काय असतं, हे उस्तादांनी काकांपेक्षा जास्त वेळा हुंगलेलं असणार.

शेवटी गेन. ॲम्पवरचा तो बारीक स्क्रू म्हणजे आवाजाचं बटण, असा समज घेऊन पोरं तो शेवटपर्यंत फिरवतात. वर बास बूस्टही पूर्ण. डेककडून येणारा सिग्नल जेवढा आहे त्याच्याशी ॲम्पचं तोंड जुळवायचं, एवढंच त्या स्क्रूचं काम. जास्त फिरवला की लाटेची डोकी कापली जातात, वूफरची कॉइल भाजते आणि डिक्कीतून जळक्या वार्निशचा वास येतो.

काका : वूफर ३०० वॅट आरएमएसचा, दोन ओहम. तीनशे गुणिले दोन, सहाशे, वर्गमूळ साडेचोवीस. बास बूस्ट शून्यावर, डेक पाऊण आवाजावर, ५० हर्ट्झचा सूर, वूफरची तार काढून मीटर लावा. साडेचोवीस व्होल्ट दिसले की स्क्रूला हात लावायचा नाही.

उस्ताद : तार काढून? मग ओझं कुठे आहे? तुमचे साडेचोवीस व्होल्ट मोकळ्या ॲम्पचे. वूफर जोडला, बॅटरी खाली आली की डोकी कापली जातातच, आणि मीटर तरीही आकडा दाखवत राहतो. कापलेली लाट मीटरला दिसत नाही, स्कोप लागतो. माझ्याकडे कान आहे. ओळखीचं गाणं लावतो, हळूहळू चढवतो, ढोल कोरडा वाजायला लागला की मागे येतो.

दोघांनी आपापल्या पद्धतीने केलं. काकांचं माप आधी, मग उस्तादांचा कान. कानाने स्क्रू आणखी थोडा मागे नेला. मला विचाराल तर क्रम हाच बरा : मीटर वरची हद्द आखतो, कान तिच्या आत जागा शोधतो. उलट केलं तर कानाला जोराचा मोह होतो.

काम झालं म्हणून काकांनी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडलं, दारं बंद करून गाणं लावलं आणि चार पावलं लांब उभे राहिले. ५४.

काका : हे बघा, कायद्यात बसतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. सकाळी सहा ते रात्री दहा म्हणजे दिवस.

उस्ताद : माझ्या वरच्या मजल्यावर आई झोपते. तुमच्या मुलाची गाडी खाली उभी राहिली की खिडकीची काच वाजते, भांडी वाजतात, ती उठून बसते. तुमचं ॲप ५४ दाखवतं?

काकांचा आकडा इथे खरंच आंधळा आहे. नियमांतले डेसिबल ‘ए’ मापनाचे. मंद आवाजात माणसाचा कान खालचे सूर कमी ऐकतो म्हणून या मापनात ते वजा करून टाकतात. ५० हर्ट्झला ही वजावट तीस डेसिबलची. म्हणजे वूफरमधून आलेला ८४ डेसिबलचा धडका मीटरवर ५४ होऊन दिसतो. काचेला आणि छातीला ही वजावट ठाऊक नसते. भिंतही शिट्टी अडवते, धडका सोडते. घाटी रुग्णालयासारख्या ठिकाणांभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करायची तरतूद या नियमांत आहे, तिथे रात्रीची मर्यादा ४०. पण बारा इंची वूफर घेऊन जाणारी गाडी पकडायला तो मीटर घेऊन उभं राहणं म्हणजे लांबीच्या पट्टीने वजन करणं. जो माणूस दिवसभर आकड्याची बाजू मांडत होता त्याला आकड्यानेच तोंडघशी पाडलं, आणि पाडणारा वूफर विकून पोट भरतो. मला हा प्रसंग आवडतो.

काका : मग तुम्ही विकता कशाला?

उस्ताद : गाडीच्या आत ऐकायला विकतो. (गाडीकडे हात करून) असं करा, एक नॉब येतो, डॅशबोर्डखाली लावायचा. त्याने फक्त वूफर कमी-जास्त होतो. गल्लीत शिरताना शून्य करायला सांगा मुलाला. रात्री दहाला मीटर बघायची गरज नाही.

काका : तो विकणार तुम्ही मला. आणि त्याच्या वायरीचे वेगळे?

उस्ताद : नाही काका, तेवढी एक डब्यात येते.

काका : तांब्याची?

उस्ताद : तिच्यातून करंट किती जाणार आहे? तुमचा बझर पुरेल तिला.